रात्रीचं ओलित, बिघडलेलं पोट आणि विसरभोळे बाबा

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला रात्रीची लाईन (पंपाची वीज) असली की ओलिताला तेच जातात. काही वर्षांपासून त्यांचं पोट साफ होत नाही, गॅसेस होतात, झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे आणि आता नावंही विसरतात. आयर्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाचं संशोधन वाचलं, की आतड्यातले जंतू, शरीराचं घड्याळ आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जंतूंच्या, कॅप्सूल सुचवल्या. संडासचा नमुना घेऊन त्यातले जंतू मोजून देणारी एक कंपनीही आहे. काय करावं?"

कॅप्सूल आणि तपासणी दोन्ही तूर्त राहू द्या. आधी एवढं सांगा, लाईन रात्रीची असते त्या हप्त्यात बाबा जेवतात किती वाजता? तुम्ही सगळं लिहिलंत, तेवढं मात्र राहिलं. आणि त्या संशोधनाचा बाबांना काही उपयोग व्हायचाच असेल तर तो याच उत्तरातून होणार आहे.

अंदाज करू शकते, कारण डिसेंबर-जानेवारीत माझ्या ओपीडीत असे पेशंट रांगेनं येतात. संध्याकाळी घरी चहा आणि काहीतरी चिवडा-पोहे. डबा सोबत. मोटार सुरू झाली, पाणी सरीला लागलं, की रात्री दीड-दोनला बांधावर डबा उघडायचा. वांग्याचा झणझणीत रस्सा, भाकर, वर कांदा. मग थर्मासमधला चहा, मग झोप येऊ नये म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा. पहाटे लाईन गेली की घरी. सकाळी पुन्हा चहा-पोहे, आठला आडवं व्हायचं आणि दहाला उठायचं, कारण टिनाचं छत तापतं, कोणी ना कोणी दारात येऊन हाक मारतं. पुढच्या हप्त्यात लाईन दिवसाची झाली की सगळं उलटं. आपल्या ओलितवाल्याची पाळी महावितरणच्या वेळापत्रकावर फिरते.

आता ते संशोधन. तुम्ही वाचलंत ते बहुधा कॉर्कच्या विद्यापीठातल्या जॉन क्रायन यांच्या गटाचं, २०२४ साली प्रसिद्ध झालेलं. त्यांनी उंदरांच्या आतड्यातले जंतू अँटिबायोटिक देऊन जवळपास संपवले. काही उंदीर तर जन्मापासूनच जंतूविरहित वाढवलेले होते. उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं ताणाचं संप्रेरक दिवसाच्या ठराविक वेळी चढतं आणि ठराविक वेळी उतरतं. माणसात हेच काम कॉर्टिसॉल करतं, पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. जंतू गेल्यावर उंदरांतली ही चढउतार बिघडली, आणि मेंदूच्या ज्या भागांत भीती, आठवण आणि वेळ यांचा हिशेब चालतो तिथल्या जनुकांची लयही हलली. परिणाम असा, की दिवसाच्या काही वेळी हे उंदीर ताणाला नेहमीसारखा प्रतिसाद देत नव्हते. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाचा एक जंतू यात महत्त्वाचा असावा, असं त्यांना दिसलं. काम चांगलं आहे. पण ते उंदरांवरचं आहे, आणि बातमीत हा शब्द कुठेतरी शेवटच्या ओळीत सापडतो.

शरीराच्या घड्याळाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं पटेल. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. ते मुख्य घड्याळ. त्याला वेळ कळते उजेडावरून, विशेषतः निळसर उजेडावरून. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या पेशींतही आपापली घड्याळं असतात. पेशीत एक प्रथिन रात्रभर साचतं, स्वतःच आपलं उत्पादन थांबवतं, मग विरघळतं, आणि हे चक्र साधारण चोवीस तासांचं असतं. फळमाशीवर हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. गंमत अशी, की यकृत आणि आतड्यातली घड्याळं उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर जास्त चालतात. म्हणजे बाबा रात्री दोनला जेवतात तेव्हा डोळे मेंदूला सांगतात रात्र आहे, आणि पोट यकृताला सांगतं दिवस आहे. जोडीतला एक बैल वावराकडे ओढतो आणि दुसरा गोठ्याकडे.

जंतूंचं काय? त्यातल्या बहुतेकांना स्वतःचं घड्याळ असल्याचं सिद्ध झालेलं नाही. क्लेब्सिएला जातीचा एक जंतू मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक मिळालं की चोवीस तासांच्या लयीत पसरतो, असं केंटकीच्या प्रयोगशाळेत दिसलं, पण अशी उदाहरणं मोजकी. बाकीच्यांना वेळ सांगतं ते तुमचं जेवण. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरान एलिनाव यांच्या गटानं २०१४ साली हे नेमकं दाखवलं. ज्या उंदरांच्या घड्याळाची जनुकंच काढून टाकली होती त्यांच्या जंतूंची दिवस-रात्रीची चढउतार संपली. त्याच उंदरांना ठराविक वेळीच खायला दिलं, तर ती परत आली. मग त्यांनी अमेरिकेहून इस्रायलला विमानानं आलेल्या दोन माणसांचे विष्ठेचे नमुने घेतले. प्रवासाआधीचा, जेटलॅग असतानाचा आणि सावरल्यानंतरचा, असे तीन. ते जंतूविरहित उंदरांत सोडले. जेटलॅगच्या वेळचा नमुना मिळालेले उंदीर जास्त जाड झाले आणि त्यांची साखरही जास्त वाढली. माणसं फक्त दोन होती, त्यामुळे यावर घर बांधू नये. पण दिशा कळते. आणि अमेरिकेहून आलेल्या माणसाचा जेटलॅग काही दिवसांत संपतो. तुमच्या बाबांचा अख्ख्या रब्बीभर संपत नाही, एवढं मी माझ्याकडून जोडते.

बाबांच्या पोटाचं मात्र उंदरांशिवायही सांगता येतं. रात्री जठर उशिरा रिकामं होतं. मोठं आतडं रात्री जवळजवळ निजलेलं असतं. सकाळी जाग आली की त्याच्या आकुंचनाच्या लाटा वाढतात, त्यावर पहिला घास किंवा चहा पोटात गेला की आणखी जोर येतो, आणि म्हणून माणसाला सकाळीच परसाकडे जावंसं वाटतं. बाबा त्या वेळी एक तर बंद मोटारीजवळ केबल गुंडाळत असतात, नाहीतर थकून झोपलेले असतात. ती वेळ गेली की गेली. मल आत राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो खडा होतो. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या पोटाच्या तक्रारी दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त असतात, हे अनेक पाहण्यांत आलं आहे. यात एकाही जंतूचं नाव घ्यावं लागलं नाही.

आता मला यातलं सगळ्यात उपयोगी वाटतं ते काम. हार्वर्डच्या फ्रँक शीअर यांच्या गटानं १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्याकडून रात्रपाळीसारखा दिनक्रम करवून घेतला. एका गटाला दिवसा आणि रात्रीही जेवण, दुसऱ्याला तितकंच जेवण पण फक्त दिवसा. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं, की रात्री जेवणाऱ्यांची साखर बिघडली, दिवसा जेवणाऱ्यांची बिघडली नाही. २०२२ मध्ये त्याच प्रयोगातलं मनाबद्दलचं निरीक्षण आलं. रात्री जेवणाऱ्या गटात उदास वाटण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी आणि घाबरल्यासारखं वाटण्याचं १६ टक्क्यांनी वाढलं. दिवसाच जेवणाऱ्यांत ते वाढलं नाही, जरी झोप दोघांचीही तितकीच उलटीपालटी झाली होती. लोक थोडे होते, दिवसही थोडे. तरी ही माणसं होती, आणि यात बदललं होतं ते एकच, जेवणाची वेळ. जी गोष्ट फुकट आहे आणि घरात करता येते तिच्यासाठी मला एवढा पुरावा पुरतो. कॅप्सूलसाठी याहून जास्त मागेन.

तर असं करा. रात्रीच्या लाईनच्या हप्त्यात बाबांचं मुख्य जेवण वावरात जाण्याआधी, सात-साडेसातला, घरी पोटभर. आई म्हणेल इतक्या लवकर भूक नसते. सुरुवातीचे काही दिवस नसेल, मग लागेल. वावरात फक्त पाणी. अगदीच कळ निघत नसेल तर मूठभर फुटाणे, डबा नको. चहा घ्यायचाच तर रात्री बाराच्या आत. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे पहाटे चारला घेतलेला चहा सकाळच्या झोपेच्या मुळावर येतो. खर्र्याचं वेगळं काय सांगू. तंबाखूतलं निकोटीन झोप उडवतं म्हणूनच तो खाल्ला जातो, आणि तोंडाचा कर्करोग इथल्या प्रत्येक डॉक्टरनं इतका पाहिला आहे की खर्रा सुटला तर बाकी सगळं नाही जमलं तरी चालेल, असं मी म्हणेन. घरी आल्यावर हलका नाश्ता, कोमट पाणी, आणि वेग येवो न येवो, संडासात थोडा वेळ बसायचं. मग झोप. डोळ्यांवर दुपट्टा, खोलीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. पाहुण्यांना दारातून परत पाठवायचं काम आईचं. लाईन दिवसाची असते त्या हप्त्यात नाश्त्याची वेळ तीच ठेवा. दोन्ही हप्त्यांत जुळणारी एक तरी गोष्ट आतड्याला मिळू द्या. ज्यांच्याकडे सौर पंप लागलाय त्यांची रात्र वाचते. औषधाच्या चिठ्ठीवर मी सौर पंप लिहू शकत नाही, पण अर्ज केला नसेल तर करा.

एक सावधगिरी. बाबांना साखर असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रात्रीचा डबा मला किंवा तुमच्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. साखर एकदम उतरून अंधारात, विहिरीच्या काठावर चक्कर येणं हा बद्धकोष्ठतेपेक्षा फार मोठा धोका आहे.

कॅप्सूलबद्दल माझं मत कडक का, तेही कॉर्कच्याच गोष्टीवरून सांगते. २०११ साली त्याच संस्थेतल्या लोकांनी एक लॅक्टोबॅसिलस उंदरांना दिला, उंदरांची भीती कमी झाली. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची नस कापल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. केवढी सुंदर निशाणी! जगभर त्याचा गवगवा झाला. मग त्यांनीच तो जंतू निरोगी पुरुषांना दिला, आणि २०१७ मध्ये प्रामाणिकपणे छापलं की ना ताण कमी झाला, ना आठवण सुधारली. मेडिकलच्या काउंटरवर मिळणारी कॅप्सूल बहुतेक वेळा तोच जंतूही नसते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शनात पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही. अँटिबायोटिकसोबतचे जुलाब, अपुऱ्या दिवसांची बाळं अशा मोजक्या जागा सोडल्या तर पुरावा कमी पडतो. बाबांना घरचं ताक द्या. ते औषध म्हणून देऊ नका, ताक म्हणूनच द्या.

जंतू मोजण्याच्या तपासणीला तर मी सरळ नाही म्हणते. तो रंगीत अहवाल वाईट नसतो, पण तो कशाशी ताडायचा? निरोगी माणसाचे जंतू अमुकच हवेत, असं प्रमाण ठरलेलं नाही. आणि आपल्याकडचे जंतू पाश्चात्त्यांपेक्षा वेगळे आहेत. भोपाळच्या संशोधकांनी २०१९ साली भोपाळकडच्या आणि केरळातल्या लोकांची तुलना केली. धान्य-डाळी जास्त खाणाऱ्या भोपाळकडच्या लोकांत प्रेव्होटेला नावाचे जंतू जास्त, केरळच्या मिश्राहारींत बॅक्टेरॉइड्स वगैरे जास्त. दोन्हीकडचे लोक निरोगीच. तुमचा अहवाल भोपाळसारखा आला आणि कंपनीनं तो युरोपशी ताडला, तर धडधाकट माणसाला आजारी ठरवायला वेळ लागणार नाही.

जंतूंना काही द्यायचंच असेल तर ते ताटात आहे. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट नावाचं आम्ल. ते जंतू बनवतात, आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून. सोयाबीन आलं तशी आपल्या भागातली ज्वारी वावरातून गेली आणि मग ताटातूनही. रेशनचा गहू आणि तांदूळ राहिला. रोज एक वेळ ज्वारीची भाकर, तुरीचं किंवा मुगाचं वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, हंगामात हरभऱ्याची कोवळी भाजी. शिजवून गार झालेल्या धान्यातल्या स्टार्चचा काही भाग पचायला कठीण होतो आणि जंतूंपर्यंत पोचतो, म्हणून सकाळची उरलेली भाकर दुपारी ताकासोबत खाल्ली तर ते दरिद्रीपणाचं लक्षण समजू नका. तंतू एकदम वाढवले तर गॅस आणखी होईल. हप्त्या-हप्त्यानं वाढवा, पाणी वाढवा.

आता विसरण्याकडे वळते. इथे मी तुम्हाला फक्त जेवणाची वेळ बदलून घरी बसू देणार नाही. झोप अपुरी असली तर माणूस विसरतो, हे खरंच. झोपेत मेंदूतला टाकाऊ माल धुऊन निघतो, असं न्यूयॉर्क राज्यातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं होतं, तर २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उलटं दिसलं. तो वाद चालू आहे आणि त्याच्यावर आपलं काही अडलेलं नाही. अडलंय ते साध्या रक्ततपासण्यांवर. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं इतकं नेहमीचं आहे की पायाला मुंग्या, जिभेची आग आणि विसरणं एकत्र दिसलं तर मी आधी तेच पाहते. साखरेची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी घेतली जाणारी अ‍ॅसिडिटीची पॅन्टाप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालली तर बी-१२ आणखी उतरतं. ही अ‍ॅसिडिटीची गोळी आतड्यातल्या जंतूंची वस्तीही बदलते, आणि हे माणसांत पक्कं दिसलेलं आहे. म्हणजे जंतूंसाठी कॅप्सूल वाढवण्याआधी ही गोळी खरंच लागते का ते पाहावं. पोट दुखलं की मिळणारी डायसायक्लोमीनची गोळी बद्धकोष्ठता वाढवते आणि वय झालेल्यांत गोंधळ उडवते. झोपेसाठी कुणी अल्प्राझोलम दिली असेल, तर नावं विसरण्याचं कारण तिथेच सापडू शकतं. मात्र रोजची चालू असेल तर एकदम तोडू नका, ती हळूहळू उतरवावी लागते.

मनाचंही विचारा, आणि सरळ विचारा. झोप उडणं, पोट बिघडणं, चिडचिड, कशात लक्ष नसणं, हे आपल्याकडे नैराश्याचं नेहमीचं रूप आहे. पिकाचा भाव आणि सोसायटीचं कर्ज याबद्दल बाबा घरात बोलायचे थांबले असतील तर तेही लक्षणच समजा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि शेवटची शंका, जी मी टाळणार नाही. जुनाट बद्धकोष्ठता, वास न येणं आणि झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, ही तिन्ही एकत्र असली तर पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, विचार करावा लागतो. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होऊ शकतं. या आजाराची सुरुवात काही जणांत आतड्यात होत असावी, असं हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये सुचवलं. कॅल्टेकमधल्या सार्किस मॅझमानियन यांच्या गटाला २०१६ मध्ये दिसलं, की या आजाराची प्रवृत्ती असलेले उंदीर जंतूंविना वाढवले तर त्यांची लक्षणं सौम्य राहतात. आतडं आणि मेंदू यांच्या नात्याचा हा मला सगळ्यात गंभीर वाटणारा धागा. शिवाय फवारणीच्या औषधांशी, विशेषतः तणनाशक पॅराक्वाटशी, पार्किन्सनचा संबंध अनेक अभ्यासांत आला आहे. २०१७ च्या फवारणीतल्या विषबाधेनंतर आपल्या जिल्ह्यात निदान तोंडाला कापड बांधायला तरी माणसं लागली आहेत. बाबा किती वर्षं उघड्या अंगानं फवारत होते, हे मला कळायला हवं. बद्धकोष्ठता असलेल्या शंभरातल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही, तेव्हा घाबरू नका. पण वजन घटतंय, विष्ठेत रक्त येतंय, चाल मंदावली आहे, अक्षर बारीक झालंय किंवा नेहमीच्या वाटेवर बाबा चुकलेत, यातलं काही असेल तर हंगाम संपायची वाट न पाहता मेडिसिनच्या डॉक्टरांकडे न्या. यवतमाळचं मेडिकल कॉलेज किंवा वर्ध्याकडची सावंगी-सेवाग्रामची रुग्णालयं तुम्हाला फार दूर नाहीत.

येताना बाबांच्या चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, मेडिकलवरून स्वतः आणलेल्याही. पंधरा दिवस ते किती वाजता जेवले, किती वाजता झोपले आणि संडासला कधी गेले, एवढं कॅलेंडरवर खरडून ठेवा. आणि आईला सोबत आणा. बाबा झोपेत घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का, हातपाय झाडतात का, हे बाबांना विचारून उपयोग नसतो.